कंत्राटदार नंतर, आधी छत्री घेऊन गच्चीवर जा

"मावशी, श्रावणात आम्ही कोल्हापूरजवळच्या पाचगावात २५ वर्षांपूर्वी बांधलेलं रो-हाऊस घेतलं. आमचं पहिलंच स्वतःचं घर. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतो. मी इथं शाळेत शिकवते, त्यामुळे काम करून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आहे. वरच्या खोलीच्या छताला ओल आहे, बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीचे पोपडे पडतात, वायरिंग जुनं आहे आणि घर रंगवायचं आहे. तिघेजण बघून गेले. पहिल्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या मागं 'सगळं मिळून ४,५०,०००' असं लिहून दिलं. निम्मे आधी द्या, दिवाळीच्या आत चावी हातात देतो, म्हणाला. दुसरे सासूबाईंच्या माहेरचे पाहुणे. ते आकडाच सांगत नाहीत, 'घरचंच काम हाय, बघू की' म्हणतात. तिसऱ्यानं २,७०,००० सांगितले. मी काही विचारलं की तिघंही म्हणतात, 'साहेबांना फोन लावून द्या.' अनंत चतुर्दशी झाली की काम सुरू करायचं म्हणतोय. कुणाला द्यावं? आणि एक बारीक प्रश्न. कामगारांना रोज चहा द्यायचा का? शेजारच्या काकू म्हणतात, सवय लावू नका."
— एक नवी घरमालकीण

बाई,

(शाळेत शिकवता म्हणून बाई. आमच्याकडं यापेक्षा मोठा मान नाही.)

तिघांपैकी कुणाला द्यावं हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही आज ठरवू शकणार नाही, कारण तिघांनी तुम्हाला अजून काही सांगितलेलंच नाही. कार्डाच्या मागचा आकडा म्हणजे दर नव्हे. तुमचं घर, दारातली गाडी आणि दिवाळीची घाई बघून त्याच्या मनात जे आलं ते त्यानं लिहिलं. २,७०,००० सुद्धा तसलेच. त्या माणसाला काम जरा जास्त हवंय, एवढाच फरक.

माझं थोडं सांगते, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. माझे वडील गवंडी. अप्पांनी उभा जन्म थापी चालवली, आधी मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, नंतर राजारामपुरी. मी शिकले आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मोजमापं घेऊन बिलं तपासायच्या नोकरीला लागले. संध्याकाळी घरी गवंड्याच्या पगाराची वाट बघायची आणि दिवसा गवंड्यांचीच बिलं कापायची, अशी माझी बरीच वर्षं गेली.

तुमचं पत्र पाऊस असताना आलं हे फार बरं झालं. उन्हाळ्यात गच्ची बघायला आलेला प्रत्येक माणूस छातीठोक निदान करतो, कारण त्याला खोटं पाडायला पाणीच नसतं. पाऊस पडताना पाणी कुठं साठतं ते पहिलीतल्या पोरालाही दिसतं. तेव्हा कंत्राटदाराला चार दिवस थांबवा आणि छत्री घेऊन स्वतः गच्चीवर जा. सोबत विटेचा एक तुकडा न्या, खडू ओल्यावर उमटत नाही. पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासानंसुद्धा जिथं पाणी उभं असेल त्याच्या कडेनं रेघ मारा आणि फोटो काढा. तिथला ढाळ गेलेला आहे. मग पावसाळी पाइपचं तोंड बघा. जाळीत पानं अडकलीत का, पाइप आणि स्लॅबच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट आहे का. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तिथली गोलाई, तिला गवंडी वाटा म्हणतात, ती तडकलीय का. टाकीखालचे कट्टे आणि डिश अँटेनासाठी पाडलेली भोकं. जुन्या मालकानं टीव्हीच्या हौसेपायी स्लॅबला पाडलेली भोकं मी इतक्या घरांत बघितलीत की गच्चीवर गेले की डोळे आपोआप तिकडंच वळतात.

आणि ओल जिथं दिसते तिथंच वरून पाणी येतं असं समजू नका. पाणी स्लॅबमधून वाट काढत दहा फूट लांब जाऊन खाली उतरतं.

बाथरूमच्या मागच्या भिंतीचं गणित वेगळं आहे. शेजारच्या काकूंना चहाबद्दल विचारलंत तसं हेही विचारा, की ही भिंत मे महिन्यातही ओली असायची का? बाराही महिने ओली असेल तर पावसाचा संबंध नाही. एक तर भिंतीतला पाइप गळतोय, नाही तर फरशीखालून पाणी झिरपतंय. घरात अजून कुणी राहत नाही, ते यासाठी सोयीचं आहे. रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावा, सगळे नळ बंद ठेवा, टाकीत नवीन पाणी येणार नाही याची काळजी घ्या. सकाळी पातळी उतरलेली असेल तर नळाचा पाइप कुठंतरी फुटलाय. ते काम प्लंबरचं, गवंड्याचं नव्हे. पातळी तशीच राहिली तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर आणि फरशीखालच्या कोब्यावर, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर.

एवढं का सांगतेय? कारण या दोन दिवसांच्या बघण्यावर तुमचे लाखभर रुपये अवलंबून आहेत. पावसाळी पाइपचं तोंड आणि आठ-दहा फूट वाटा दुरुस्त करणं हे एका गवंड्याचं दोन दिवसांचं काम. पण 'गच्ची गळतेय' एवढंच सांगितलंत तर तिघंही सांगतील, सगळा कोबा नवीन करू. क्वचित तो करावाही लागतो, मी नाही म्हणत नाही. मात्र जुन्या कोब्यावरच नवा चढवतो म्हणणाऱ्याला तिथंच हात जोडा. सहाशे फुटांच्या गच्चीवर चार इंच विटांचा कोबा म्हणजे दहा टनांच्या आसपास वजन. तेवढं ओझं जुन्या स्लॅबवर आधीच आहे, त्यावर तेवढंच आणखी टाकायचं? जुना फोडून, स्लॅब साफ करून, मग नवा घालायचा. फोडायची मजुरी आणि खरमाती वाहायचा खर्च वाचतो म्हणून ते वरूनच चढवतात.

आता कंत्राटदारांकडं वळू.

कामाची यादी त्यांना लिहू देऊ नका, तुम्ही लिहा. फळ्यावर लिहिता तशी सुटसुटीत. एक नमुना देते. बहुतेक कोटेशनात एक ओळ असते: 'बाथरूम वॉटरप्रूफिंग, ४०,०००.' यात काय येतं? काहीही येतं आणि काहीच येत नाही. तुमच्या यादीत तीच ओळ अशी असू दे: 'वरच्या बाथरूमची जुनी फरशी व कोबा स्लॅबपर्यंत फोडून काढणे. भिंतीच्या टाइल्स अमुक फुटांपर्यंत काढणे. खरमाती घराबाहेर नेऊन टाकणे, ट्रॉलीच्या भाड्यासह. जुने पाइप बदलून नवे टाकणे, भिंत बुजवण्याआधी पाइपला दाब देऊन तपासणे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवणे. मालक आणि कंत्राटदार दोघांनी खालच्या खोलीचं छत बघून कोरडं असल्याची खात्री करणे, त्यानंतरच फरशी.' या एका परिच्छेदात तुमची निम्मी भांडणं आधीच मिटतात. विशेषतः पाणी साठवून बघायचं सोडू नका. फरशी बसल्यावर गळती सापडली तर ती फरशीच फोडावी लागते, आणि ती कुणाच्या खर्चानं फोडायची यावर पुढचे सहा महिने जातात.

अशी यादी करून तिघांनाही एकच कागद द्या आणि प्रत्येक ओळीपुढं दर लिहून मागा. जो लिहून देणार नाही त्याचं नाव आपोआप कटलं. मग आकडे शेजारी शेजारी ठेवा. माझा अंदाज सांगते. २,७०,००० वाल्यानं एक तर वायरिंग धरलंच नसेल, नाही तर रंगाचा एकच हात धरला असेल. ४,५०,००० वाला खाली येईल. दोघांतलं अंतर तुम्हाला वाटतंय तेवढं राहणार नाही.

दर कशाचा, हेही बघा. गिलावा आणि रंग चौरस फुटावर असतो. मग दारं-खिडक्यांची जागा वजा करणार की नाही? दोन्ही पद्धती चालतात, भांडण होतं ते आधी न बोलल्यामुळं. फरशीचा दर चौरस फुटावर, पण स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्टीचा, रनिंग फुटावर, नुसत्या लांबीवर. वायरिंगचा दर 'पॉइंट'वर सांगतात. पॉइंटमध्ये वायर, पाइप, स्विच, बोर्ड सगळं धरलंय की नुसती मजुरी? वाळू-खडीच्या हिशेबात 'ब्रास' आला की तो शंभर घनफुटांचा, फरशीच्या हिशेबात आला की शंभर चौरस फुटांचा. शब्द एकच, माप वेगळं. शाळेत बाई आहात, टेप हातात घेऊन भिंती स्वतः मोजा. लांबी गुणिले उंची, चौथीचं गणित आहे.

मालासकट द्यावं की नुसती मजुरी? नोकरी करणाऱ्या माणसानं सिमेंट, वाळू, खडीच्या मागं लागू नये. लक्ष्मीपुरीच्या बाजारात चकरा मारून जे वाचेल ते रिक्षात आणि रजेत जाईल. तो माल कंत्राटदाराकडं ठेवा, पण कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत पाठवा. डोळ्याला दिसणारं आणि हाताला लागणारं सामान, म्हणजे टाइल्स, नळ, कमोड, वायर, स्विच, हे मात्र स्वतः दुकानात जाऊन घ्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. कंत्राटदार 'माझ्या ओळखीच्या दुकानात चला' म्हणेल. त्याला तिथं कमिशन असतं, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात चोरी काही नाही. फक्त दुसऱ्या दोन दुकानांत भाव विचारून मग तिथं जा.

आता उचल. पत्रातली मला खरी काळजी वाटलेली गोष्ट हीच, निम्मे पैसे आधी.

यात मी स्वतः पोळलेय. गवंड्याची मुलगी, बिलं तपासणारी बाई, आणि स्वतःच्या फ्लॅटच्या बाथरूमसाठी मी साठ टक्के पैसे आधी देऊन बसले. माणूस गोड बोलणारा होता, 'ताई, आपलंच घर समजून करतो' म्हणणारा. पहिल्या दोन दिवसांत फरशी फोडली, कमोड काढून बाहेर ठेवला आणि गायब. तेवीस दिवस. आम्ही चार माणसं शेजारच्यांच्या बाथरूममध्ये बादल्या घेऊन जात होतो. फोन केला की 'उद्या येतो', नाही तर 'पोरं गावाला गेलीत'. अप्पा तेव्हा थकले होते, कॉटवर बसून असायचे. मी चिडचिड करत होते, तर ते म्हणाले, "त्यो चोर न्हाई. तुझ्या पैशानं त्यानं मागल्या कामाचा पगार भागवलाय. आता फुडचा कोणतरी पैसे दिल तवा तुझ्याकडं यील." आणि तसंच झालं. चोविसाव्या दिवशी आला, बहुधा कळंब्याकडं कुणीतरी माझ्यासारखंच आधी पैसे देऊन बसलं असणार.

हा धंदा असा चालतो. बाजारच्या दिवशी गवंड्याला, बिगाऱ्याला, रंगाऱ्याला पगार द्यावाच लागतो. नाही दिला तर सोमवारी माणसं दुसऱ्याच्या कामावर दिसतात. कंत्राटदाराकडं स्वतःचं भांडवल फार नसतं, म्हणून तो तीन-चार कामं एकदम धरतो आणि एकाच्या पैशावर दुसरं ओढतो. उचल मागणं गैर नाही. फक्त तुमचा पैसा तुमच्याच घरात लागला पाहिजे, आणि तो कामाच्या मागून चालला पाहिजे, पुढून नव्हे.

म्हणून सुरुवातीला एकूण रकमेच्या दहा टक्के द्या, फार तर पंधरा. तो म्हणेल एवढ्यात माल येत नाही. मग म्हणा, माल दारात उतरवा, दुकानाच्या बिलाचे पैसे मी थेट दुकानदाराला देते. पुढचे हप्ते तारखेवर ठरवू नका, कामावर ठरवा. जुनं फोडून खरमाती हलली की एक. पाइप आणि वायर टाकून तपासून झाल्या की एक. पाणी साठवायची चाचणी पार पडली की एक. फरशी, गिलावा झाला की एक. रंग झाला की एक. आणि शेवटचे दहा टक्के पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुमच्याकडं राहू देत. याला सगळे तयार होत नाहीत, आधीच सांगते. नाहीच ऐकलं तर निदान गच्ची आणि बाथरूमच्या रकमेपुरते तरी मागं ठेवा. जो माणूस 'दहा वर्षांची गॅरंटी' छापील कागदावर देतो आणि एका पावसाळ्यापुरते थोडे हजार मागं ठेवायला नको म्हणतो, त्याच्या गॅरंटीचं वजन तुम्हीच करा.

पैसे शक्यतो खात्यावरून पाठवा आणि 'बाथरूम, दुसरा हप्ता' असं प्रत्येक वेळी लिहा. 'वर जीएसटी लागेल' कुणी म्हणालं तर नंबर मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घ्यायचा अधिकार नाही. करार दोन पानांचा पुरे: यादी, दर, हप्ते, कामाला लागणारे दिवस आणि दोघांच्या सह्या. त्यात एक ओळ मात्र विसरू नका, 'जादा काम आधी लिहून, दर ठरवूनच.' कारण बिल फुगतं ते बहुतेक आपल्याच तोंडामुळं. 'आलाच आहात तर एवढा कट्टा पण करा', 'तेवढी खिडकी जरा सरकवता का?' अशा दहा वाक्यांची शेवटी चाळीस हजारांची चिठ्ठी होते. आणि ती चिठ्ठी चुकीची नसते.

वायरिंग या सगळ्यातून वेगळं काढा. 'आमचा पोरगा करतो तेबी' याला भुलू नका. शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या. २५ वर्षांपूर्वी त्या घरात एक फ्रिज आणि दोन पंखे असतील, आता गीझर, वॉशिंग मशीन, उद्या एसी. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर चालते, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार आणि प्रत्येकाची लाइन स्वतंत्र. अर्थिंग नव्यानं तपासून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळाला की तो क्षणात वीज तोडतो, आणि तुमच्या घरात तर भिंतच ओली आहे. हे सगळं रंगाच्या आणि गिलाव्याच्या आधी. रंग झाल्यावर भिंतीला झिरी मारणारा वायरमन बघून अप्पांसारखा शांत माणूससुद्धा शिव्या द्यायचा.

सासूबाईंच्या पाहुण्यांचं नाजूक आहे. 'बघू की' म्हणणारे पाहुणे वाईट नसतात, पण त्यांना विचारता येत नाही. आणि विचारलं तर दिवाळीच्या फराळाला त्याची चर्चा होते. त्यांनाही तीच यादी द्या, सासूबाईंच्या हातानंच द्या. त्यांनी दर भरून दिला तर बाकीच्यांसारखं बघा. नाही दिला तर 'भाऊ, तुमच्याकडनं रंगाचं काम करून घ्यायचंय' म्हणून सोपं काम पुढं ठेवा. गच्ची आणि बाथरूम पाहुण्याला देऊ नका. गळणारी गच्ची दोन पिढ्यांचे संबंध बिघडवते.

आता 'साहेबांना फोन लावून द्या.' हे वाक्य मी ऑफिसात असताना इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा राग यायचा बंद झाला. त्यावर उपाय भांडण नाही, टेप आहे. मी कामावर गेले की आधी काही बोलायची नाही. भिंत मोजायची, वहीत लिहायची, मग खिशातून नाणं काढून नव्या बसवलेल्या टाइल्सवर ठकठक करत ओळीनं जायची. खाली मसाला नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर डब्यासारखा पोकळ. तीन टाइल्स पोकळ निघाल्या की त्यांच्यावर विटेनं फुली मारायची. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री स्वतःहून विचारायला लागायचा, 'मॅडम, हे बघून घ्या.' तुम्हीही हेच करा. नवऱ्याला सांगून ठेवा की फोन आला तर एकच उत्तर द्यायचं: 'बाईसाहेबांनाच विचारा, चेक त्याच लिहितात.' यात पुण्याचा काही उपयोग झाला तर झाला.

दिवाळीत चावी? नाही. अनंत चतुर्दशी ते दिवाळी यात पितृपंधरवडा आहे, नवरात्र आहे, दसरा आहे, मधली अमावस्या आहे. आपल्याकडं अमावस्येला बरेच गवंडी थापीला हात लावत नाहीत. वरून परतीचा पाऊस. गिलाव्यावर निदान आठवडाभर रोज पाणी मारावं लागतं, कोब्याला त्याहून जास्त, आणि नवा गिलावा महिनाभर वाळल्याशिवाय रंग लावला तर रंगालाच पोपडे येतात. एवढ्यात सगळं करतो म्हणणारा यातलं काहीतरी गाळणार, आणि गाळलेलं पुढच्या आषाढात दिसणार. त्यापेक्षा असं करा. पितृपंधरवड्यात मुहूर्ताची कामं नसतात, मिस्त्री मोकळे सापडतात, त्यात बाथरूम फोडायला घ्या. दुरुस्तीला मुहूर्त लागत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावानं सांगा. वायरिंग त्याच सुमारास. गच्ची परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावर. रंग दिवाळीनंतर. पाडव्याला नव्या घरात दूध उतू घालायचं तर खुशाल घाला, सामान मात्र रंगानंतर न्या.

एखादी भिंत पाडायचा विचार असेल (पत्रात नाही, पण बघायला आलेला कुणीतरी 'हॉल मोठा करू' असं सुचवणारच) तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याची फी द्या, परवानगीचंही त्यालाच विचारा. रो-हाऊस आहे, तुमची भिंत शेजाऱ्याचीही असू शकते.

आणि इतकं करून कुणी काम अर्धवट टाकून गेलाच, तर पैसे घेऊन सेवा न देणं ही ग्राहक कायद्यात बसणारी तक्रार आहे. कोल्हापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. तुमची यादी, हप्त्यांच्या नोंदी आणि विटेच्या रेघांचे फोटो तिथं कामाला येतात. मात्र तिथं निकाल लागेपर्यंत गच्ची गळतच राहते, म्हणून त्याच्या भरवशावर आत्ता ढिलं सोडू नका.

उरला चहा. द्या की. अकराला एकदा, चारला एकदा. काकूंना म्हणावं, सवय लागू दे. अप्पा साठी उलटल्यावरही कुठल्या घरी चहात आलं घालायचे आणि कुठल्या घरी पाणीसुद्धा विचारायचे नाहीत ते पत्त्यासकट सांगायचे. आल्याच्या घरांचे कोपरे मात्र आजही ओळंब्यात सरळ आहेत, मी बघून आलेय. शाळेच्या दिवशी काकूंकडं चहा-साखर ठेवून त्यांनाच गळ घाला. सुट्टीच्या दिवशी मात्र ट्रे घेऊन तुम्ही स्वतः वर जा. कप खाली ठेवताना फरशी जवळून दिसते, आणि खिशात नाणं असतंच.

— तुमची मावशी